सोळावं कलम

माझा नवरा चारुदत्त नियमांना फार मानतो. मुंबईत असताना रस्ता रिकामा असला तरी लाल सिग्नलला उभा राहायचा आणि मागचे लोक शिव्या घालायचे. अशा माणसाला कंपनीने टोकियोला पाठवलं.

आम्ही टोकियोशेजारच्या उरायासूत राहायला आलो तेव्हा भूकंपाने कलंडलेले विजेचे खांब अजून तसेच होते. वर्षभरात आमची ईश्वरी घरातही जपानीत उत्तरं द्यायला लागली आणि नवरा तर बोलायचाच बंद झाला. जेवता जेवता त्याचा डोळा लागतो. मी चिडते, पण ऐकायला समोर कोणी जागं तर हवं.

याचं मूळ त्याच्या ऑफिसात आहे. चौदाशे वर्षांपूर्वी शोतोकु नावाच्या राजपुत्राने इथे सतरा कलमं घालून दिली म्हणतात. त्यातलं आठवं कलम चारूचे साहेब मोरिता-सान सकाळच्या मीटिंगमध्ये ऐकवतात. अधिकाऱ्यांनी दरबारात लवकर यावं, उशिरा जावं. राज्याचं काम दिवसभरात उरकत नाही. त्या राजपुत्राच्या घरचे लोक काय म्हणत असतील, देव जाणे.

एप्रिलमध्ये नाशिकहून फोन आला. माझ्या सासऱ्यांची, बाबांची, बायपास ठरली होती. सुट्टी मागायला चारूची जीभ रेटेना. मग त्याने ट्रेनमध्ये उभ्या उभ्या सतराही कलमं वाचून काढली आणि त्याला सोळावं सापडलं. लोकांना कामाला लावायचं ते हिवाळ्यात, सवड असते तेव्हा. वसंतापासून शरदापर्यंत त्यांना शेती असते, रेशमाच्या किड्यांसाठी तुतीची झाडं असतात, तेव्हा बोलावू नये. हे जपानीत घोकताना तो किती दिवसांनी हसला.

मोरिता-साननी सगळं ऐकून घेतलं, वाचनाचं कौतुकही केलं. मग हळूच म्हणाले, “चारुदत्त-सान, सोळावं कलम प्रजेसाठी आहे. आपण दोघं आठव्यातले.” स्वतःच्या आईच्या शेवटच्या आजारातही ते गेले नव्हते. तेही त्यांनी नुसतं सांगितलं, बढाई म्हणून नाही.

चारूने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. भांडायचंस ना, म्हटलं.

“काय भांडू, सुप्रभा? त्यांनी अर्थ बरोबर लावलाय.”

शेवटी ईश्वरीला घेऊन मीच नाशिकला गेले. ऑपरेशनच्या सकाळी बाबांना काय सांगायचं ते मी मनात जुळवत होते. त्यांनी मला काही विचारलंच नाही. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला मात्र ताठ मानेने म्हणाले, “मुलगा जपानात मोठा अधिकारी आहे. असं मध्येच उठून येता येत नाही त्यांना.”

स्ट्रेचर येईपर्यंत बाबा दाराकडे बघत होते.