काकांचं फाटक

आमच्या कवितेच्या ग्रुपवर वाईट कविता अजून जन्माला आलेली नाही. कविता टाकली रे टाकली की खाली फुलं पडायला लागतात. गुलाब, कमळ, टाळ्या, हात जोडलेले, मग "वाह!", मग "क्या बात!", मग "निःशब्द". निःशब्द झालेला माणूस पुढे चार ओळी लिहितो ते वेगळं. आमचे हे या ग्रुपला फुलबाजार म्हणतात. सकाळी चहा पिता पिता माझ्या फोनकडे बघून विचारतात, "काय, आज झेंडू कसा दिला?"

ठाण्यापासून शहाडपर्यंतची हौशी मंडळी आहेत त्यात. कोणी बँकेतून रिटायर झालेलं, कोणी शिवणक्लास घेणारं, कोणी अजून नोकरीत आणि बॉसवर चारोळ्या करणारं. ऍडमिन कल्याणचे, शिस्तीचे गृहस्थ. ते रोज सकाळी एक विषय देतात आणि संध्याकाळपर्यंत त्यावर लिहायचं. पाऊस, आई, आरसा, मोगरा, पुन्हा आई. देवाणघेवाणीचा हिशेब कोणी बोलून दाखवत नाही, पण पक्का असतो. मी तुमच्या मोगऱ्याला वाह म्हटलं, तर तुम्ही माझ्या आरशाला म्हणायचं. नाही म्हटलंत, तर पुढच्या मोगऱ्याचं तुमचं तुम्ही बघा.

आणि सही. कवितेखाली सही पाहिजेच. टोपणनाव, गाव, मोबाईल नंबर. कविता चोरीला जाईल ही भीती आमच्यातल्या प्रत्येकाला आहे. आजवर एकाचीही गेलेली नाही, याचं दुःखही प्रत्येकाला आहे.

मी या बाजारातली खडूस बाई. मला फुलं टाकता येत नाहीत. तिसरी ओळ लंगडते आहे असं दिसलं की माझा हात शिवशिवतो. "छान आहे, पण..." असं लिहायला घेते आणि छान आहे खोडून टाकते. दोनदा मला ग्रुपमधून काढायचं घाटत होतं म्हणे. ऍडमिननी वाचवलं. म्हणाले, ताई तिखट आहेत, पण कविता शेवटपर्यंत वाचणाऱ्या त्या एकट्याच आहेत.

तर त्या फुलबाजारात एक काका होते. डोंबिवली पूर्वेला राहणारे, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांचं टोपणनाव मी इथे सांगत नाही, पण अर्थ कधीही न विझणारा असा काहीसा होता, आणि काका नऊला दिवे घालवून झोपायचे. त्या नावावर त्यांचं भारी प्रेम. सुप्रभातच्या खालीसुद्धा टोपणनाव. कोणाच्या नातवाला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, तरी खाली टोपणनाव. एकदा कोणीतरी वारल्याची बातमी आली, तिथे "भावपूर्ण श्रद्धांजली"च्या खाली कधीही न विझणारे! मी हसून हसून बेजार झाले होते.

काकांच्या कवितेत कायम एकच बाई, काकू. आणि एकच जागा, ठाकुर्लीचं रेल्वे फाटक. विषय काहीही असो, काका फाटकावर पोचायचे. नवीन लग्न झालेलं, ठाकुर्लीला रेल्वेचं क्वार्टर. काका ड्युटीवरून येतायत, ती भाजीची पिशवी घेऊन पलीकडे उभी. मध्ये फाटक बंद, आणि मालगाडी काही केल्या संपत नाही. मग दोन डब्यांच्या फटीतून ती दिसते, लपते, दिसते, लपते. मोगऱ्यावर कविता असली तर तिच्या केसात मोगरा. आईवर असली तर, बाळाला घेऊन फाटकाशी उभी.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही आवडलेलं. खोटं कशाला बोलू? पण तीच मालगाडी दर आठवड्याला! शेवटी एकदा मी लिहिलंच, "काका, ते फाटक आता राहिलं नाही, वरून पूल झाला. तुमची ती मालगाडी एकदाची जाऊ द्या की."

काकांनी हसरा चेहरा पाठवला आणि लिहिलं, "लांब गाडी आहे, बाई." खाली अर्थातच टोपणनाव.

काकूंना मी एकदाच भेटलेले, कल्याणला आमचं स्नेहसंमेलन झालं तेव्हा. निळसर साडी, नीट चापून बसवलेला अंबाडा, हसरी बाई. मला म्हणाल्या, "तुम्ही कुठे राहता?" मी म्हटलं, डोंबिवली वेस्टला. बटाटेवडा खाऊन झाला आणि त्या म्हणाल्या, "तुम्ही कुठे राहता?" निघताना पुन्हा तेच. मला वाटलं, बोलायची हौस दिसतेय. काका शेजारी उभे होते आणि माझ्याकडे न बघता काकूंच्या खांद्यावरचा पदर सारखा करत होते.

आता त्या दिवसाचं सांगते. सकाळी ऍडमिननी विषय दिला, प्रतीक्षा. हा आमच्या मंडळींचा लाडका विषय. दुपारपर्यंत दारं, उंबरे, पणत्या, चंद्र, सगळे वाट बघून थकले. मी संध्याकाळी मटार सोलायला बसले होते. फोन समोर डब्याला टेकवून ठेवलेला, एक डोळा मटारवर, एक डोळा प्रतीक्षेवर. आणि काकांचं आलं.

ती अजून आली नाही.
भाजी आणते म्हणाली
दुपारी.
निळी साडी,
हातात कापडी पिशवी.
गुडघा दुखतो तिचा,
लांब जाणार नाही.
कोणाला दिसली तर
मला सांगा.

खाली मोबाईल नंबर.

झालं, बाजार उघडला. "वाह काका! साधेपणातलं सौंदर्य!" मागोमाग गुलाब. "निळी साडी म्हणजे जणू आभाळच!" पुढे कमळ. "कापडी पिशवीतून पर्यावरणाचा संदेशही सहज दिलात." विठ्ठलवाडीचे एक सर म्हणाले, "दुखरा गुडघा ही प्रतिमा मराठीत नवीन आहे." ऍडमिननी तर आजची सर्वोत्कृष्ट म्हणून चषक ठेवला. निःशब्द झालेल्यांची रांग लागली.

मीही सरसावले. म्हटलं, चला, आज फाटक नाही, मालगाडी नाही, सुधारले काका. पण कवितेला शेवट कुठाय? "दुपारी" एकट्याच ओळीत का टांगलीय? असं काहीबाही टाईप करत होते आणि सवयीने सहीकडे नजर गेली.

टोपणनाव नव्हतं.

श्रद्धांजलीखालीसुद्धा नाव टाकणारा माणूस, आणि कवितेखाली नाव नाही? मी पुन्हा वरून वाचलं. निळी साडी. कापडी पिशवी. गुडघा. मटाराची परात बाजूला सारली आणि तो नंबर लावला.

एक रिंगसुद्धा पुरी झाली नाही.

"दिसली?" काका म्हणाले.

नमस्कार नाही, कोण बोलतंय नाही, नुसतं "दिसली?"

मी म्हटलं, "काका, मी बोलतेय, ग्रुपवरची. काकू खरंच हरवल्यात?"

"म्हणजे काय? लिहिलंय ना मी," ते म्हणाले. मग धाप लागत लागत सांगू लागले. काकूंना वर्षभर विसरायला होतंय. एकटीला सोडत नाही. दुपारी भाजी आणते म्हणत होती, थांब म्हटलं, आणि जरा डोळा लागला. जाग आली तर दार नुसतं ओढलेलं आणि बाई गायब. मार्केट पालथं घातलं, देवळात बघितलं, पोलीस चौकीत सांगून आले, बिल्डिंगची पोरं स्कूटरवर फिरतायत. "म्हटलं, आपल्या ग्रुपची माणसं ठाण्यापासून शहाडपर्यंत आहेत. कोणाला तरी दिसेल. घाईत लिहिताना सवयीने ओळी तोडल्या गेल्या. पण बाई, ते सगळे नुसतं छान छान म्हणतायत हो."

मला रडू आणि राग एकदमच आले. रागाला मी जास्त सरावलेली आहे, म्हणून आधी तो बाहेर काढला. ग्रुपवर लिहिलं, "कविता नाही ही! काकू खरोखर हरवल्यात. एकानेही यापुढे फूल टाकलं तर बघा. आपापल्या स्टेशनवर जा आणि शोधा." त्याच्यावरही एका महाभागाने सवयीने टाळ्या पाठवल्याच. पण मग जे शांत झालं! आणि पाठोपाठ एकेक येऊ लागलं, चषकाच्या खालीच. मी कल्याणला निघालो. मी ठाण्याला प्लॅटफॉर्मवरच आहे, बघतो. विठ्ठलवाडीचे सर म्हणाले, शरम वाटतेय, निघालोय. शिवणक्लासच्या बाईंनी क्लास सोडला आणि मुलींना डोंबिवलीच्या गल्ल्यांत पाठवलं. आमच्या लोकांना कविता नसेल येत, पण माणसं वाईट नाहीत हो.

मी चपला शोधत होते. हे म्हणाले, "अगं, पण जाणार कुठे? काही ठरव तरी."

कुठे जाणार? गुडघा दुखणारी बाई, भाजीची पिशवी घेऊन, दुपारी. ही बाई मी कुठेतरी बघितलीय असं सारखं वाटत होतं. आणि मग मी कपाळावर हात मारला. बघितलीय कसली, दर आठवड्याला बघत होते! पिशवी घेऊन उभी, दिसते, लपते.

"ठाकुर्ली!" मी ओरडले. "अहो, फाटक! गाडी काढा!"

ठाकुर्लीच्या जवळच्या गावातली एक आगरी बाई ग्रुपवर आहे. ती कविता लिहीत नाही, गाऊन पाठवते, मागे कोंबड्यांच्या आवाजासकट. तिला मी स्कूटरवर मागे बसूनच फोन केला. "बाई गं, जुन्या फाटकाशी जाऊन बघ, जिथे रस्ता भिंतीला अडतो तिथे." पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही.

आम्ही सिग्नलला अडकलेलो तेवढ्यात तिचा आवाज आला, ग्रुपवर, सगळ्यांना. "गावली! काकू गावली! हितंच हाय, भिंतीपाशी!" मी त्या रस्त्यात, भर ट्रॅफिकमध्ये, यांच्या पाठीवर डोकं टेकून रडले. हे म्हणाले, "अगं, शर्ट नवा आहे." आणि मग स्वतःच डोळे पुसू लागले.

पोचलो तर काकू भिंतीशी उभ्या. हातात पिशवी, पिशवीतून मेथीची जुडी डोकावणारी, पार मान टाकलेली. आमची गाणारी बाई त्यांचा हात धरून उभी होती, "चल गो बाय, घरा चल," म्हणत. पण काकू हलायला तयार नव्हत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "फाटक उघडतच नाहीये. लांब मालगाडी आहे वाटतं. हे पलीकडे उभे असतील ना, भुकेले."

मी म्हटलं, "येतील हं काकू, आत्ता येतील."

रिक्षा येऊन थांबली आणि काका उतरले. शर्टाची बटणं वरखाली लागलेली. सावकाश चालत आले. काकूंनी मान वर केली, आणि त्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो मी विसरणार नाही. "आलात?" त्या म्हणाल्या. "केव्हाची उभी आहे मी."

काकांनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. "गाडी लांब होती," म्हणाले.

त्यानंतर ग्रुपवर एक नियम झाला. खरं काही सांगायचं असेल तर आधी "ही कविता नाही" असं लिहायचं. लगेच विठ्ठलवाडीच्या सरांनी "ही कविता नाही" याच नावाची कविता टाकली आणि तिच्यावर फुलांचा खच पडला. काही माणसांना औषध नाही.

काका बरेच दिवस गप्प होते. मग एके दुपारी त्यांचा फोन आला. दाराला आता वरती कडी बसवली होती, दुपारी एक बाई येऊन बसत होती. "आणि संध्याकाळी मी हिला माझ्या कविता वाचून दाखवतो," म्हणाले. "इतकी वर्षं हिने एक ऐकली नाही, कामं असायची. आता रोज ऐकते. रोज पहिल्यांदाच. फाटकाची वाचली की विचारते, कोणी लिहिलंय हो हे? याला कसं कळलं?"

मग काका मुद्द्यावर आले.

"बाई, तुम्हाला एक विचारायचं होतं. तुम्ही एकट्या खरं सांगता म्हणून. पुस्तक काढावं म्हणतोय, छोटंसं, घरच्या घरी. त्यातल्या फाटकाच्या काढून टाकू का? फारच झाल्यात. तुम्हीच म्हणाला होतात, ती मालगाडी एकदाची जाऊ द्या."

"काका," मी म्हटलं, "एकही काढू नका. आणि ती गाडी इतक्यात जाऊ देऊ नका."

त्या दिवशी विषय होता कंदील. काकांची कविता आली. फाटकावरचा कंदील, फटीतून दिसणारी ती, खाली टोपणनाव, गाव, मोबाईल नंबर. तिसरी ओळ चांगलीच लंगडत होती. मी फुलांच्या ढिगात एक गुलाब शोधला आणि टाकला.