जाळ खाली, तोटी वर

आळेफाट्याच्या अलीकडे माळावर भगवंतशेठनं पत्र्याचं शेड टाकलं, ते साल सत्त्याण्णव. आजूबाजूच्या गावांना तेव्हा एकच कोडं पडलं होतं, हा माणूस तिथं मेण शिजवतो म्हणजे करतो तरी काय? कुणी म्हणे मेणबत्त्या, कुणी म्हणे बुटाचं पॉलिश. एका पठ्ठ्यानं तर द्राक्षांना चकाकी आणायचं औषध आहे म्हणून पैज लावली. पिंपरी पेंढारच्या जानकाबाई वाव्हळला मेणाशी काही देणंघेणं नव्हतं. तिनं एसटीच्या खिडकीतून ते धुराडं पाहिलं आणि घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "आवं, तिथं जाळ हाय. म्हंजी तिथं माझं काम हाय."

हनुमंत घरापुढच्या आपल्या सायकल दुकानात पंक्चर काढत बसला होता. तो हसला. "कारखाना हाय त्यो. गुऱ्हाळ न्हाई."

"जाळाला काय ठावं, कारखाना का गुऱ्हाळ!"

ती उगाच बोलत नव्हती. ओतूरकडच्या एका गुऱ्हाळात तिनं बारा हंगाम चुलवाण पेटतं ठेवलं होतं. चुलवाण म्हणजे उसाचा रस उकळायच्या मोठ्या कढईखालची, काहिलीखालची भट्टी. तिच्या तोंडाशी बसून वाळलेली चिपाडं आत ढकलत राहायची. वरून गूळ शिजवणाऱ्या गुळव्यानं "धर" म्हटलं की जाळ धरायचा, "सोड" म्हटलं की सोडायचा. तिच्या जाळावर शिजलेला गूळ सगळा तालुका चवीनं खात होता. पण त्या बारा हंगामांत तिचा हात एकदाही काहिलीच्या काठाला लागला नाही. तिकडं यायचं नाही, असं कुणी तोंडानं म्हणालं नव्हतं. न म्हणताच पाळायला लावलं होतं, आणि तिला खरा राग त्याचाच होता. गुऱ्हाळ बंद पडलं तेव्हा बाकीच्या बाया हळहळल्या. ही लुगडं झटकून उठली आणि घरी आली.

भगवंतशेठ मूळचे जुन्नरचे. मुंबईत केमिकलच्या कंपनीत वीस वर्षं काढून परतले होते. जानकाबाई शेडच्या दारात जाऊन उभी राहिली तेव्हा त्यांनी विचारलं, "काय येतं?"

"जाळ घालता येतो."

"बाई, इथं एकशे साठ डिग्री म्हणजे एकशे साठच लागते. थोडं इकडंतिकडं झालं की माल गेला."

"आठ दिस ठिवून बघा. काटा हालला तर नववा दिस माझा न्हाई."

काटा हालला नाही. जानकाबाई राहिली.

कारखान्याची रचना अशी, की लाकडं जळायची शेडच्या उघड्या मागल्या बाजूच्या भट्टीत. तिथं तापलेलं तेल पंपानं नळातून केटलकडे जायचं आणि केटलच्या दुहेरी भिंतीत फिरायचं. केटल म्हणजे माणूस उभा मावेल एवढं स्टीलचं भांडं. आत प्लास्टिकच्याच जातीचं मेण वितळायचं, वरची मोटर पट्ट्यावर ढवळणी फिरवायची. मेण वितळलं की त्यात मॅलिक नावाच्या रसायनाच्या पांढऱ्या वड्या पडायच्या. त्या पिंपाचं झाकण उघडलं की डोळ्यांत मिरची गेल्यासारखं व्हायचं. मग केटलवरच्या काचेच्या भांड्याची तोटी किंचित सोडायची, की पेरॉक्साइड नावाचं औषध थेंब थेंब आत पडायचं. दोन तास, एका लयीत.

हे सगळं कशासाठी, ते तिला ऋषीनं सांगितलं. ऋषी म्हणजे कारखान्याचा केमिस्ट, पुण्याहून बीएस्सी करून आलेला. पोरगा वाईट नव्हता, फक्त घाईत असायचा.

"साधं मेण माणूसघाणं असतं, जानकाबाई. रंगाला चिकटत नाही, लोखंडाला चिकटत नाही. मॅलिकचं तसं नाही, ते सगळ्यांशी जमवून घेतं. म्हणून मेणाच्या अंगावर मॅलिक बसवायचं. नारायणगावच्या टोमॅटोचे क्रेट बघता ना? त्यातला रंग सगळीकडे सारखा पसरतो तो आपल्या मेणामुळं."

"आन् थेंब कशाला?"

"द्राक्षाला कलम बांधताना आधी चाकूनं काप देतात ना? तो थेंब म्हणजे चाकू. मेणाला काप देतो. तिथं मॅलिक बसतं."

जानकाबाईनं लाकूड आत सारलं. "आन् काप दिला, पर मॅलिक जवळ नसलं तर?"

ऋषीनं दोन बोटं एकमेकांना चिकटवून दाखवली. "मग मेणाचे दोन काप एकमेकांनाच चिकटतात. आणि असे लाखो चिकटले, की केटलमध्ये मेण नाही, रबराचा गोळा."

तिनं मान हलवली. ते बोलणं तिनं मनात नीट ठेवून दिलं.

आता तिची चूक सांगायला हवी, कारण ती स्वतः ती कधी लपवत नसे. दोन हजार तीन साली एकदा केटलमधलं मेण गढूळ पिवळं दिसलं. ऋषी जेवायला गेला होता. बारा हंगाम तिनं खालून पाहिलं होतं, की रस गढूळ दिसला की गुळव्या त्यात चुना टाकतो, मळी वर येते आणि रस कसा नितळ होतो. आज भांड्याजवळ ती एकटी होती, अडवायला कुणी नव्हतं. भिंत रंगवून उरलेला कोरडा चुना कोपऱ्यात होता. गुऱ्हाळात चिमूट लागते, तर एवढ्या भांड्याला किती, असा हिशेब करून तिनं अर्धं घमेलं आत रिचवलं.

मेण सूं करून फुगलं, फेसाळत पार झाकणाच्या तोंडापर्यंत आलं आणि देव पावल्यासारखं तिथंच थांबलं. पुढं तपासणीत त्यात नावालाही आंबटपणा सापडेना. मॅलिक असतं आंबट; चुन्यानं ते सगळं मारून टाकलं होतं. ऋषीनं दोन दिवस डोकं धरलं. वडीचं पिंप खोटं, बाटलीतलं औषध जुनं, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. तिसऱ्या दिवशी जानकाबाई आपणहून ऑफिसात गेली.

"चुना मी टाकला व्हता."

शेठ आधी ओरडले, मग ऋषीबरोबर पोट धरून हसले. हसून झाल्यावर मात्र केटलजवळ पाटी लागली: 'केमिस्टशिवाय तोटीला कोणीही हात लावू नये.' कोणीही म्हणजे कोण, ते सगळ्यांना कळलं. जानकाबाई पुन्हा खाली जाळापाशी आली. दोन वर्षं तिनं ती पाटी पाळली.

मग आलं दोन हजार पाच. वीज जाण्याचं वेळापत्रक लोकांना पाठ होतं, आणि ते पाहूनच केटल चढवत. पण त्या मंगळवारी दुपारी वेळ नसताना वीज गेली. मोटर थांबली, ढवळणी थांबली, तेलाचा पंप थांबला. जानकाबाईनं तत्काळ भट्टीतली लाकडं बाहेर ओढली, कारण पंप बंद असताना तेल तापत ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ. ओढता ओढता तिनं वर पाहिलं. तोटी चालूच होती. थेंबाला कुठं वीज लागते?

"साहेब! तोटी! तोटी बंद करा!"

ऋषी फाटकाबाहेर चिंचेखाली मोबाइलवर बोलत होता. रेंज फक्त तिथंच यायची. पोत्यात माल भरणारी सारजाबाई धावत त्याला बोलवायला गेली. जानकाबाई केटलच्या शिडीच्या तळाशी उभी. समोर पाटी. थेंब मोजत राहण्याखेरीज तिच्या हातात काही नव्हतं. ऋषी आला तोवर बारा मिनिटं झाली होती. वीज आली तेव्हा मोटर नुसती गुरगुरली. ढवळणीभोवती मेणाचा गोळा बसला होता.

चार दिवस छिन्नी-हातोड्यानं केटल खरवडली. पाचव्या दिवशी शेठनं जानकाबाईला ऑफिसात बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद होता.

"क्रेटवाल्याचा माल अडकलाय, त्याला कारण कळवायचंय," शेठ तिच्याकडे न बघता म्हणाले. "यात लिहिलंय, जाळ जास्त झाल्यानं माल बिघडला, संबंधित कामगाराला भट्टीवरून काढलं. तू सही कर. काम जाणार नाही. पोती भरायला राहा."

ऋषी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होता.

"जाळ जास्त झाला न्हाई," जानकाबाई म्हणाली.

"आता कोण बघायला गेलं होतं?"

"मी. माझाच जाळ व्हता."

"बाई, हट्ट करू नको. तू आधी चुना टाकला होतास ना?"

"टाकला व्हता. आन् तुमच्या दारात येऊन मीच सांगितलं. तवा कुनी कागद टाइप केला व्हता का? जे मी केलं त्याला मी कवाच नाय म्हनले न्हाई. जे केलं न्हाई त्याला व्हय म्हनायची न्हाई."

"मग निघ घरी!"

"निघते की. पर आधी बघा."

ती बाहेर गेली आणि खरवडलेल्या मेणाची दोन ढेकळं घेऊन आली. दोन्ही तिनं त्या कागदावरच ठेवली.

"ह्ये केटलच्या भिंतीचं. बघा, मऊ हाय, रंग बी साधा. काहिलीत जाळ जास्त झाला तर आधी बुडाला लागतं, काळं पडतं. हितं कुठं काळं हाय? ह्ये दुसरं तोटीच्या बरोब्बर खालचं. दात लावून बघा, रबर हाय. ढवळनी थांबलेली, थेंब एकाच जागी पडत व्हता. काप दिला, पर मॅलिक तिथवर येनार कसं? मेनाला मेन चिकाटलं. ह्ये माझ्या डोक्यातलं न्हाई, साहेबांनी सांगितल्यालं हाय. इचारा त्यास्नी."

शेठनं ऋषीकडे पाहिलं. ऋषीनं कॅलेंडरवरून नजर काढली. मग म्हणाला, "खरं आहे. मी फोनवर होतो. तिनं हाका मारल्या होत्या."

"मग ती तोटी तूच का बंद केली नाहीस?" शेठ जानकाबाईवरच उलटले.

"तुमची पाटी वाचली. चौथी पास हाय मी."

बाहेर दारापाशी सारजाबाई उभी होती, तिला हसू आवरेना. शेठनं चिडून कागदावरची ढेकळं बाजूला सारली. शेवटी म्हणाले, "सोमवारी संध्याकाळपर्यंत माल द्यायचाय. परत केटल चढवायची. तू भट्टीवर बस, विषय संपला."

"न्हाई संपला. जाळ माझा असंल तर तोटी बी माझी. न्हाईतर दोनी तुमची. धर म्हनलं की धरायचं आन् सोड म्हनलं की सोडायचं, ते बारा वर्सं करून झालंय माझं."

"तोटी बायकांच्या हातात देणारा तालुक्यात मीच पहिला ठरेन!"

"कुनीतरी पयलं व्हनारच की, शेठ. तुमी व्हा."

सोमवारी सकाळी केटल चढली. भट्टीवर हनुमंत, दुकान बंद ठेवून आलेला. त्याला जानकाबाईकडून आधीच ताकीद मिळालेली, "तुमी नुसतं मी सांगते तेवढं लाकूड घाला. अक्कल चालवू नगा." वर तोटीपाशी जानकाबाई, शेजारी ऋषी घड्याळ धरून. पाटी तशीच होती. तिच्याकडं तिनं पाहिलंही नाही. मेण वितळलं, वड्या विरघळल्या, थेंब सुरू झाला.

पाऊण तासानं वीज गेली.

ढवळणी पूर्ण थांबायच्या आत तोटी बंद झाली होती. "लाकडं वढा भायेर!" ती खाली ओरडली. मग मोटरचा पट्टा काढून टाकला आणि ढवळणीच्या मोठ्या चाकाला हात घातला. "आत पडलेला थेंब काय थांबनार न्हाई. सारजे, ये वर! साहेब, तुमी बी!"

तिघांनी मिळून ते चाक हातानं फिरवलं. घाम पाझरला, ऋषीच्या तळहाताला फोड आले. सारजाबाई फिरवता फिरवता म्हणाली, "आगं, जात्यावर बी एवढं दळलं न्हाई मी."

"फिरव. बोलू नगो."

वीस मिनिटांनी वीज आली. जानकाबाईनं काट्यावर नजर ठेवून जाळ पुन्हा धरायला लावला, डिग्री जागेवर आल्यावरच तोटी सोडली आणि उरलेले थेंब त्याच लयीत पाडले. दुपारी ऋषीनं नमुना तपासला. वितळलेल्या मेणात आंबटपणा मोजायच्या औषधाचे थेंब टाकत गेला. जितक्या थेंबांना गुलाबी रंग यायला हवा होता, तितक्यांनाच आला. एकही अलीकडे नाही, पलीकडे नाही. त्यानं पुन्हा तपासला. तेच.

शेठ बघायला आले. क्रेटवाल्याचा कागद त्यांनी आधीच फाडला होता, पण तसं बोलले नाहीत. मालाचं कार्ड ऋषीपुढं धरून म्हणाले, "कर सही."

"खाली ऑपरेटरची जागा आहे," ऋषी म्हणाला. "ती आजवर मोकळीच सोडतो आपण."

जानकाबाईनं त्याच्या हातातलं पेन घेतलं. सावकाश, अक्षर अक्षर दाबून लिहिलं: जानकाबाई हनुमंत वाव्हळ. शेठ उभे होते तोवर तिनं घाई केली नाही. काना, वेलांटी, सगळं जागच्या जागी बसल्यावरच पेन परत दिलं.

त्यानंतर ती आठ वर्षं तोटीवर होती. तपासणीला आलेले बाहेरचे साहेब लोक तिला बघून आधी केमिस्टला शोधायचे. ती म्हणायची, "हितं इचारा. भांडं माझं हाय." एक-दोघांनी शेठकडं तक्रार केली. शेठनं त्यांना चहा पाजून तिच्याकडंच परत पाठवलं.

आणि तोटी हातात आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं खाली पोती शिवत बसलेल्या सारजाबाईला हाक मारली. "सारजे, वर ये. तोटी कशी धरायची ते बघून घे. मी आजारी पडले तर कोन करंल?"

"मी? आगं काल घाईत आले वर, आता रोज कशी येऊ?" सारजाबाईनं इकडंतिकडं पाहिलं. "शेठ काय म्हनतील?"

"त्ये म्हनतील ते मी ऐकते. तू शिडी धर."