थोरांना छळणारे मेहुणे

थोर माणसांना त्यांच्या शत्रूंनी छळलं नसेल इतकं आमच्या मेहुण्यांनी छळलं आहे, आणि तेही ती माणसं वारल्यानंतर. हे माझ्या बायकोचे थोरले बंधू. सोलापुरात सात रस्त्याजवळ राहतात आणि आठवी-नववीच्या मुलांसाठी चरित्रं लिहितात. ज्यानं लहानपणी खोड्या केल्या नाहीत त्याचं चरित्र मुलं वाचत नाहीत, हा त्यांचा सिद्धांत. त्यापायी एका शिक्षणमहर्षींच्या नातवाकडे जाऊन, पाण्याचा पेलाही तोंडाला न लावता, त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "आजोबा शाळेत कॉपी करायचे का?" नातू ऐंशीच्या घरातले. काठी घेऊन फाटकापर्यंत मागे आले. "चिडले! म्हणजे करत असणार," रिक्षात बसता बसता मेहुणे आनंदानं म्हणाले.

चरित्रनायकाचा अनुभव स्वतः घेतल्याशिवाय ते ओळ लिहीत नाहीत. एका पैलवानाच्या वेळी बैठक मारायला खाली गेले ते वर येईनात. आम्ही उचलायला धावलो तर म्हणाले, "थांबा, आधी परिच्छेद लिहून घ्या!" त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, मूळच्या जेऊरच्या. त्या स्वयंपाकघरातून ओरडल्या, "पुढच्या खेपेला एखाद्या मौनीबाबाचं लिवा की!"

लिहिलेलं प्रकरण ते इमारतीतल्या मुलांना वाचून दाखवतात. कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या आशेनं मुलं येतात, पण जांभया काही आवरत नाहीत. आणि जांभई आली की मेहुणे तेवढं पान काढून टाकतात. एका देशभक्तांचं अख्खं बालपण असं जांभयांत गेलं. बिचारे पहिल्या पानावर जन्मले आणि दुसऱ्यावर तुरुंगात गेले.

गेल्या वर्षी बार्शीच्या एका शाळेत त्यांचं भाषण झालं. मीही सोबत होतो. शेवटी नववीतली एक मुलगी उठली. "सर, तुमची समदी पुस्तकं वाचली. चौथ्या प्रकरणात लगीन हुतंय, आन् पुढं बायकू दिसतच न्हाय. कुटं जाती ती?"

सभागृह हसलं. मेहुण्यांनी टेबलावरचं स्वतःचंच पुस्तक उचललं आणि चौथ्या प्रकरणापासून पुढची पानं उलटू लागले.

परतीच्या एसटीतही ते तेच पुस्तक चाळत होते. घरी आल्यावर थेट स्वयंपाकघरात जाऊन बसले. मी दारातच थांबलो. वहिनी मेथी निवडत होत्या.

"तू लहानपणी काय करायचीस गं?"

"तुमाला बरं न्हाय का?" वहिनींनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. पण मग हळूहळू सांगू लागल्या. चिंचा पाडायला जेऊरच्या स्टेशनात उभ्या मालगाडीखालून पलीकडं जायच्या. पळण्यात पोरांना हरवायच्या. मास्तरीण व्हायचं होतं, ते राहून गेलं. मेहुण्यांनी सवयीनं पेन काढलं, टोपणही उघडलं. पण लिहिलं काहीच नाही. नुसते ऐकत राहिले.

"हे कधी बोलली नाहीस."

"तुमी कुटं इचारलं," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी मेथीची दुसरी जुडी सोडली.