भृंगराजाने उचललेली कूक

पोंभुर्ण्याच्या सभागृहात विद्यापीठातल्या प्राध्यापकांची व्याख्यानं ठेवली होती. आपापल्या संशोधनाविषयी, गावच्या लोकांना समजेल असं. बचत गटाच्या बायकांबरोबर सुगंधाबाईही गेली. जंगलाचा विषय निघाला तशी ती उठायला लागली. शेजारच्या रुखमाबाईने हात धरून तिला खाली बसवलं. "पाखराचंच सांगून राह्यल्या मॅडम. बस ना वो!"

दोन वर्षांपूर्वी मोहफुलं वेचताना वाघाने कमलाला नेलं. जिवाभावाची मैत्रीण. बायका झाडीत पांगल्या की एकमेकींना कूक घालतात. कमलाची कूक मध्येच तुटायची आणि मग वर चढायची. त्या सकाळी ती आली, सुगंधाबाईने उत्तर दिलं, वाघ दिसला की खेकसतात तशी वानरं खेकसली, आणि पुढे काहीच नाही. तेव्हापासून सुगंधाबाईने जंगलात पाय टाकला नव्हता.

प्राध्यापिका ज्योत्स्ना रामटेके भृंगराजावर बोलत होत्या. लांब शेपटीचं हे काळं पाखरू दुसऱ्यांचे आवाज उचलतं. झाडांना यंत्रं बांधून त्यांनी ते टिपले होते. शिक्रा पक्ष्याचा, मोराचा असे एकेक ऐकवत त्या म्हणाल्या, "आता हा ऐका. हा माणसाकडून घेतलेला दिसतो."

सभागृहात कूक घुमली. मध्येच तुटली, वर चढली.

मागोमाग दुसरी कूक आली, जाड, आखूड. ती सुगंधाबाईची स्वतःची होती. मग वानरांचं खॅक-खॅक. मग नुसती खरखर.

ती उभी राहिली. "थे कमला हाये मॅडम. आन् दुसरी मी."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. बोलताना त्यांचाही आवाज उतरला होता. "बाई, धोक्याच्या वेळचे आवाज हे पाखरू लवकर पकडतं. त्याची पिल्लंही त्याच्याकडून शिकत असतील."

"म्हंजे थे सकाळ तिथं अजून चालूच हाये?"

मोहाच्या दिवसांत सुगंधाबाई पुन्हा निघाली. घरच्यांनी अडवलं. "थे बलावून राह्यली, आन् मी घरी बसू?" एवढंच ती म्हणाली.

ऊन वर आलं. टोपल्या अर्ध्या भरल्या होत्या. सागाच्या शेंड्यावरून कूक आली आणि बायका जागीच थिजल्या. सुगंधाबाईने तोंडाशी हात नेला. पण तिच्याआधी पाखरानेच तिच्या आवाजात उत्तर देऊन टाकलं. सभागृहात ऐकलं तसा आता पाखराकडून वानराचा आवाज येणार, म्हणून सगळ्या वर बघत राहिल्या.

तो आला, पण वरून नाही. नाल्याकडून. खरीच वानरं होती ती.

"सरका!" रुखमाबाई ओरडली. टोपल्या टाकून, एकमेकींना धरून, जेवणाचे डबे बडवत बायका मागे सरकत रस्त्याला लागल्या. दुपारी वनरक्षकाला नाल्याच्या ओल्या रेतीत वाघाची पावलं दिसली. ताजी, मोहाच्या दिशेने वळलेली.

रुखमाबाई म्हणते, कमलाने वाचवलं. सुगंधाबाई म्हणते, "पाखराले काय समजते?" ती आता दरवर्षी जाते, बायकांच्या घोळक्यातच राहते. पण कूक घालत नाही. कोणी घातली तरी तिला उत्तर देववत नाही. आपण तोंड उघडायच्या आत झाडीतून आपलाच आवाज येईल, असं तिला वाटत राहतं.