सीलकाकांची टाकी

इस्पितळामागे डिझेलची एक सरकारी टाकी होती आणि तिच्यावर पहारा होता सीलकाकांचा. बाहेरच्या देशांतून येणारं तेल कधी थांबलंच, तर जनरेटर चालावा म्हणून हा राखीव साठा. वरून हुकूम आल्याशिवाय सील तोडायचं नाही, हा नियम काकांनी असा पाळला की मोठ्या डॉक्टरांची गाडी फाटकात बंद पडली तेव्हा ते म्हणाले, "ढकलतो साहेब, पण थेंब मिळणार नाही." आणि खरंच ढकलली! तपासणीवाले दरवर्षी येत, सील बघत, काट्यावर पातळी बघत, काकांच्या चहाची तारीफ करत आणि जात. आतलं डिझेल कुणीच बघितलं नाही. सील न तोडता बघणार तरी कसं?

मग समुद्रात जहाजं अडली. पंप कोरडे पडले, ऑक्सिजन सिलिंडरचा ट्रक येईना, वीज तासन् तास गायब. नेमक्या त्याच आठवड्यात काकू दम्याने वरच्या वॉर्डात, विजेवर चालणाऱ्या प्राणवायूच्या यंत्रावर.

"घाबरू नकोस," काका छाती फुगवून म्हणाले, "खाली माझी टाकी आहे."

"आधी सवतीला विचारा," काकू धापा टाकत म्हणाल्या, "देतेय का ते."

हुकूम आला. काकांनी इस्त्रीचा शर्ट घालून सील तोडलं. जनरेटर दोनदा खोकला आणि गप्प झाला. मेकॅनिकने फिल्टर काढला, तर आत काळा, बुळबुळीत गाळ.

"काका, नासलंय हे! अधूनमधून वापरून नवं भरायचं असतं."

"वापरायचं नाही, हाच तर नियम होता रे!"

"मग आता नियमच ओता इंजिनात!"

वर यंत्र बंद पडलं होतं. नर्स काकूंच्या तोंडावर मास्क धरून रबरी फुगा दाबत होती आणि पलीकडून दुसरे पेशंट हाका मारत होते.

"काका, धरा हे. दाबा, सोडा. थांबायचं नाही."

काका दाबू लागले. खाली मेकॅनिक डिझेल कापडातून गाळत होता. तो धावत वर आला. "चादरी द्या!" नर्सने रिकाम्या खाटांवरच्या दिल्या. थोड्या वेळाने पुन्हा आला. "त्याही बरबटल्या. अजून हव्यात."

रिकाम्या खाटांवरच्या चादरी संपल्या होत्या. काकांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी डोळे मिटले आणि अंगाखालची चादर सुटावी म्हणून कशाबशा कुशीवर वळल्या.

"ओढ," काका म्हणाले. हात फुग्यावरच होता. "पण हळू रे. तिला थंडी सोसत नाही."