चेहऱ्यांचा तक्ता

देवघरातले निर्माल्य रोज उचलले जाते, म्हणून देव फुलांखाली झाकून जात नाहीत. किश्श्यांचे तसे नसते. ते उचलणारे कोणी नाही, म्हणून खालचे दुखणे झाकून जाते. आमच्या शहरातल्या कोठी भागाजवळच्या एका रुग्णालयात दर गुरुवारी सिकलसेलच्या मुलांची तपासणी असते. माझी नात मुक्ता बारा वर्षांची. तिचे आईवडील नोकरीवर, म्हणून गुरुवार माझ्या वाट्याला. बाहेरच्या बाकांवर आम्ही पालक अखंड बोलत असतो. बोलणे थांबले की आतले कण्हणे ऐकू येते!

*

मुक्ता वर्षाची असताना निदान झाले. डॉक्टर मॅडमनी समजावले, "रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात, आणि जिथे अडकतात तिथे कळा सुरू होतात. हे आई आणि वडील, दोघांकडून यावे लागते."

मी ताठ बसून म्हणालो, "आमच्या घराण्यात असले काही नाही. चार पिढ्या भजन चालत आले आहे."

"मग घराण्याचेच रक्त तपासू," मॅडम शांतपणे म्हणाल्या.

आठ दिवसांनी कागद आले. अर्धा वाटा सुनेकडचा. उरलेला अर्धा मुलाकडून, आणि मुलाकडे माझ्याकडून. मला जन्मात कधी एक कळ आली नव्हती!

मुक्ताचा गळा माझ्यावर गेला आहे, असे मी चारचौघांत सांगत असे. त्या दिवसापासून सांगणे सोडले.

*

बाकावरचे माझे शेजारी गायकवाड. मूळचे नांदेडकडचे, तारनाक्याला रेल्वेच्या कार्यालयात नोकरीला. ते "जय भीम, मास्तर" म्हणतात, मी "रामकृष्ण हरी" म्हणतो, आणि मग दोघेही एकाच श्वासात विचारतो, "ताप नाही ना?"

या मुलांचा ताप म्हणजे ताप नव्हे, धावपळ. गायकवाडांच्या खिशात पेनाशेजारी थर्मामीटर असतो. एकदा त्यांना शाळेतून फोन आला, "रोहनचे पोट दुखते आहे." गृहस्थ फाइल उघडी टाकून धावले, रिक्षात बसले, पोराला उचलून थेट इथे आणले. रक्त काढले, पोटाची सोनोग्राफी झाली. शेवटी निघाले काय? मित्राच्या वाढदिवसाची सात मिरची भजी!

गायकवाड भिंतीला टेकून चक्क रडले. रोहन त्यांच्याकडे पाहून म्हणाला, "पप्पा, बाकी पोरांचं नुसतं पोट दुखतं. मला तेवढीपण परवानगी नाही का?"

*

मग नव्या औषधाचे संशोधन आले. मुक्ता आणि रोहन दोघेही त्यात आहेत. नेहमीचे औषध चालूच. वर आणखी एक डबी. काही डब्यांत नवे औषध, काहींत हुबेहूब तशीच, पण औषध नसलेली गोळी.

मी विचारले, "मुक्ताच्या डबीत काय आहे?"

"मलाही ठाऊक नाही," मॅडम म्हणाल्या.

"मग कोणाला ठाऊक आहे?"

"कंप्यूटरला. कोणालाच माहीत नसले, तरच निकाल खरा निघतो."

गायकवाड माझ्या कानाशी लागले, "मास्तर, तुमचं बरं आहे. जे दिसत नाही त्याच्यावर भरवसा ठेवायची तुम्हाला सवय आहे. आम्ही काय करायचं?"

"गायकवाड, साठ वर्षांच्या सवयीनंतरही ती गोळी देण्याआधी मी उजेडात धरून पाहतो!"

*

कळ किती आहे, हे मोजायला यंत्र नाही. त्यासाठी शबाना सिस्टरकडे एक तक्ता आहे. त्यावर दोन-दोन नंबरांनी चढत जाणारे सहा चेहरे: पहिला हसरा, शून्य नंबरचा, शेवटचा रडून विस्कटलेला, दहाचा. मुलांनी बोट ठेवायचे.

मुक्ता दर वेळी दोनवर बोट ठेवी. अंग धनुष्यासारखे वाकलेले, ओठ दाताखाली, तरी बोट दोनवरच! मी सगळ्यांना सांगे, "नामस्मरणाचे बळ आहे हे. पोर सोसते."

एके दिवशी शबानाने तक्ता पाठीमागे लपवला. "मास्टरसाब, तुमे जरा बाहर बैठो."

"का?"

"बच्ची तुमारा मूँ देख के नंबर बोलरी!"

मी बाहेर गेलो. दार पुरते लागले नव्हते. आतून मुक्ताचा आवाज आला, "आठ."

*

मुक्ताच्या कळा थांबेपर्यंत एकादशीला पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, असा संकल्प मी देवापुढे केला होता. या आजारात पाणी हेच पहिले औषध. म्हणून शबानाने मुक्ताच्या बाटलीवर रेघा आखून दिल्या आहेत, कोणत्या वेळेपर्यंत किती प्यायचे त्या. गेल्या एकादशीला दुपारी ती कपाटाला धरून उभी दिसली, पाय उचलत नव्हता. बाटली वरच्या रेघेपर्यंत भरलेली होती.

तासाभरात ती रुग्णालयातल्या खाटेवर होती, सलाईन लागले होते. मॅडमनी विचारले, "पाणी का नाही प्यायलीस?"

ती भिंतीकडे पाहत म्हणाली, "आजोबा माझ्यासाठी पीत नाहीत. मग मी कशी पिऊ?"

शबानाने बाटली उघडून माझ्या हातात दिली. मी ती मुक्ताच्या ओठांशी नेली.

"आधी तुम्ही."

मी प्यायलो. संकल्प दोन घोटांत मोडला, आणि देवाची क्षमा मागायचेही सुचले नाही. मग ती प्यायली.

श्वास घेताना तिची छाती दुखू लागली होती. छातीचा फोटो काढून झाला होता. तो पाहून मॅडम काय सांगतात, एवढेच उरले होते. मी खुर्चीत बसून नाम घेत होतो. शबाना तक्ता उशाशी विसरून गेली होती. मुक्ताने सलाईन नसलेल्या हाताने तो उचलला आणि माझ्यासमोर धरला.

"आजोबा, तुमचा नंबर?"

मी तिच्याकडे पाहिले. "दोन," म्हणालो.

तिने क्षणभर माझ्याकडे निरखून पाहिले. मग चादर डोक्यावरून ओढून घेतली, आणि आतून म्हणाली,

"आता सांगा."