कावळ्याचं पिल्लू हरवतं तेव्हा

लोकांना वाटतं, कार्टून बनवणारी माणसं दिवसभर हसत असतील. आम्ही दिवसभर माना मोडून बसायचो. तरी त्या नोकरीतून बाहेर पडले तेव्हा पगारापेक्षा किस्सेच जास्त साठले होते. आजही आमच्या चारकोपच्या सोसायटीत कुणाकडे हळदीकुंकवाला गेले, की बायका म्हणतात, "सुलभा, ते कावळ्याचं सांग ना."

तर कावळ्याचं. ऐंशीच्या दशकात घरोघरी टीव्ही येत होते, आणि आमच्या पेडणेकर साहेबांनी विनोदी कार्टून मालिका करायचं धाडस केलं. गच्चीवर राहणारं कावळ्यांचं कुटुंब आणि त्यांचा जुना वैरी, एक बोका. अंधेरी ईस्टला इंडस्ट्रियल इस्टेटमधला वरचा गाळा हाच स्टुडिओ. पारदर्शक प्लास्टिकवर चित्रं उतरवलेली असायची, त्यांना सेल म्हणत. ते मागच्या बाजूने रंगवणं हे माझं काम.

सगळ्यात जास्त वाट लावली ती एकाच एपिसोडने. त्यात कावळ्याचं पिल्लू हरवतं आणि बापाची खात्री पटते की बोक्यानेच खाल्लं.

*

साहेब आम्हाला गोष्ट वाचून दाखवत होते. वाचता वाचता स्वतःच गहिवरले. म्हणाले, "इथे बाप ढसाढसा रडतो."

मुख्य चित्रकार तावडे मालवणचे. पेन्सिलीला टोक काढत शांतपणे म्हणाले, "साहेब, ह्या कावळ्याक पापणी नाय. पाणी काढू खयसून?"

"कुठूनही काढा. पण रडवा."

तावड्यांनी काढलं. टेस्ट, म्हणजे कच्चं शूटिंग, बघितली तर कावळ्याला सर्दी झाली होती. शेवटी बापाला पाठमोरा बसवला आणि नुसते खांदे हलवले. लोकांना तोच सीन सगळ्यात आवडला, आणि साहेब सगळ्यांना सांगत सुटले की ती त्यांची कल्पना.

*

आवाजाचं रेकॉर्डिंग गाळ्यातच. बापाच्या आवाजासाठी नाटकात काम करणारे एक गृहस्थ आले होते. उकाडा एवढा, की त्यांनी खिडकी उघडायला लावली आणि मग नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशी हाक मारली, "बाळा, कुठे गेलास रे!"

तिसऱ्या हाकेला जिन्यावर पावलं वाजली. खालच्या वर्कशॉपमधली माणसं, शेजारच्या गाळ्यातल्या पॅकिंगच्या बायका, वॉचमन, सगळे दारात. एक मावशी तर रडायलाच लागल्या होत्या.

"कितीचा आहे? अंगात काय घातलं होतं?"

कॅमेरा सांभाळणारे गमरे दारात उभे होते. ते म्हणाले, "काही नाही हो. नुसती पिसं."

मावशी गमऱ्यांशी पुढे कित्येक दिवस बोलल्या नाहीत.

*

आणि मग ते पिल्लू खरंच हरवलं. म्हणजे, पिल्लाचे सेल. रात्रंदिवस खपून मी रंगवलेला अख्खा गठ्ठा गायब. साहेबांनी कपाटं उघडली, गमऱ्यांनी कॅमेऱ्याखाली टॉर्च मारला. मी रडकुंडीला आले. परत रंगवायचे तर एपिसोड वेळेत जाणार नव्हता.

दुपारी गमऱ्यांनी बोक्याचे सेल शूटिंगला उचलले, तर ते जड लागले. पिल्लाच्या गठ्ठ्यावरच कुणीतरी ते ठेवले होते.

गमरे तिथूनच ओरडले, "सुलभाताई, पोर सुखरूप आहे. बोका त्याच्यावर बसला होता."

साहेबांनी एपिसोडचा शेवट तोच केला. पावसात भिजू नये म्हणून बोका पिल्लाला पोटाखाली घेऊन बसलेला.

*

आता तावडे आणि रेगे. रेगे म्हणजे पात्रांमागची दृश्यं रंगवणारे: गच्ची, आभाळ, टाक्या. दोघं आर्ट स्कूलपासून एकमेकांचे वैरी. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. टेबलाला टेबल लागून होतं, पण वर्षानुवर्षं शब्द नाही.

एक दिवस शाळेला सुट्टी, बायको ड्युटीवर, म्हणून तावड्यांनी पाच वर्षांच्या अंजूला बरोबर आणलं. आम्ही सगळे आत टेस्ट बघत होतो. बाहेर आलो तर अंजू नाही. दाराजवळचे तिचे सँडलही नाहीत. गेटबाहेर ट्रकचा रस्ता.

तावडे अनवाणीच जिना उतरले. गमरे गेटकडे धावले, मी प्रत्येक गाळ्यात विचारत सुटले. रेगे कधी बाहेर पडले, कुणी पाहिलंच नाही.

शोधून शोधून तावडे परत आले आणि जिन्याच्या पायरीवर मटकन बसले. मी पाणी आणलं, ते त्यांनी तसंच पायरीवर ठेवलं.

तेवढ्यात कंपाउंडच्या मागून रेगे आले. कडेवर अंजू. फ्रॉकला लाकडाचा भुसा, हातात बर्फाचा तुकडा.

"मागच्या बर्फाच्या कारखान्यात होती," रेगे मला म्हणाले. "सकाळी विचारत होती, बर्फाची गाडी येते कुठून."

त्यांनी पोरीला बापाच्या मांडीवर ठेवलं, वर गेले आणि ब्रश घेऊन कामाला बसले.

बऱ्याच वेळाने तावडे वर आले. अंजूला माझ्याकडे दिलं. स्टूल ओढून रेग्यांच्या शेजारी बसले आणि त्यांच्या चित्राकडे बघत राहिले.

"आभाळ जरा जास्तच निळा झालाहा," तावडे म्हणाले.

रेग्यांनी मान वर केली नाही.

"तुझे कावळे मुळात पोपट दिसतात, त्याचं काय?"

संध्याकाळी चहाला दोघं भांडत भांडतच खाली उतरले.